अपयश घरात येते तेव्हा

मे-जूनचे दिवस आले की बदलापूर गावात दोन गोष्टींची वाट पाहिली जाते. एक जांभळांची आणि दुसरी दहावीच्या निकालाची. जांभूळ आपल्या मातीचे. आता तर त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. ते आपल्या वेळेने पिकते, कुणी घाई केली तरी ऐकत नाही. निकाल मात्र ठरलेल्या दुपारी एक वाजता मोबाईलवर येऊन धडकतो. पुढच्या अर्ध्या तासात गल्लीतल्या कोणत्या घरी पेढे आले आणि कोणत्या घराचा दरवाजा लोटला गेला, हे सगळ्यांना कळलेले असते.

पेढे वाटणाऱ्या घरांबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. या महिन्यात आपण लोटलेल्या दरवाजामागच्या घराबद्दल बोलू. तिथे पंधरा-सोळा वर्षांचे एक मूल कोपऱ्यात बसलेले असते. अम्मी भांड्यांचा आवाज जरा जास्तच करते आहे आणि अब्बा कामावरून यायचे आहेत. त्या मुलाला या घटकेला गणिताची भीती वाटत नाही. गणिताचा पेपर मार्चमध्येच होऊन गेला. त्याला भीती वाटते ती जिन्यावर वाजणाऱ्या पावलांची.

भीती नेमकी कशाची?

वर्षभराचे मूल चालायला शिकताना दिवसातून कितीतरी वेळा पडते. पडले की आजूबाजूला बघते. घरातले हसले तर तेही हसते, कुणी किंचाळले तर रडते. पडणे तेच असते. ते केवढे मोठे, हे मूल आपल्या चेहऱ्यावर वाचते. अपयशाचे पुढेही असेच होते. नापास होणे म्हणजे काही गुण कमी पडणे. ते आयुष्यभराची नामुष्की आहे असा अर्थ त्याला आपण देतो, आणि मूल तो अर्थ पाठ करते.

आम्ही शिक्षक उत्तरपत्रिका तपासताना एक गोष्ट वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. काही मुले चुकीचे उत्तर लिहीत नाहीत, ती जागा कोरी सोडतात. त्यांना विचारावे तर म्हणतात, ‘सर, नक्की माहीत नव्हते.’ अर्धवट लिहिले असते तर दोन गुण मिळाले असते. पण चुकण्यापेक्षा गप्प राहणे बरे, हे त्यांनी कुठेतरी शिकून घेतले आहे. वर्गात हात वर न करणारी, गृहपाठ दुसऱ्याच्या वहीतून उतरवणारी, चाचणीचे गुण घरी न सांगणारी मुले बहुतेकदा याच जातीची असतात. आपण त्यांना आळशी म्हणतो. त्यांतली कितीतरी केवळ घाबरलेली असतात.

मंडळानेही ही भीती कमी करून पाहिली. काही वर्षांपूर्वी दहावीच्या गुणपत्रिकेवरचा ‘अनुत्तीर्ण’ हा शेरा काढून टाकण्यात आला. पूर्वी नापास झालेल्या मुलाला ऑक्टोबरच्या परीक्षेची वाट पाहावी लागे आणि वर्ष हातचे जाई. 2015 पासून निकालानंतर लगेच, जुलैच्या सुमारास, पुरवणी परीक्षा होऊ लागली. एक-दोन विषय राहिलेल्यांना एटीकेटीची सवलत घेऊन अकरावीत बसता येते. दरवाजे एवढे उघडे आहेत. तरीही कागदावरून गेलेला तो शब्द आपल्या जिभेवरून गेलेला नाही. ‘फलाण्याचा मुलगा फेल झाला’ हे वाक्य आजही निकालाच्या दिवशी स्टेशनपासून गावापर्यंत रिक्षाच्या आधी पोहोचते.

आपल्या समाजात या वाक्याची किंमत जास्त मोजावी लागते. मुलगा नापास झाला की गॅरेज किंवा चाचाचे दुकान ठरलेले, मुलगी नापास झाली की स्थळ बघायला सुरुवात. हाताने काम करून कमावण्यात कमीपणा मुळीच नाही. हलालची रोजी ही इज्जतच आहे. पण ते काम निवडून करणे वेगळे आणि एका विषयात दहा गुण कमी पडले म्हणून त्यात ढकलले जाणे वेगळे. सच्चर समितीने 2006 मध्ये दाखवून दिले होते की 6 ते 14 वयोगटातली 25 टक्के मुस्लिम मुले एक तर कधी शाळेत गेलीच नव्हती किंवा मध्येच गळली होती. त्यामागे गरिबी आहे, शाळांचे अंतर आहे, इतरही कारणे आहेत. पण दहावीच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचलेले मूल एका निकालावरून शाळेबाहेर जाते, तेव्हा तो निर्णय सरकारचा नसतो. तो आपल्या घरात, रात्रीच्या जेवणानंतर घेतला जातो.

उहुदनंतर काय झाले

अपयश आले की घराने काय करावे, हे शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही. हिजरी सन 3 मध्ये, म्हणजे इ.स. 625 मध्ये, मदिनेजवळ उहुदच्या डोंगरापाशी जे घडले ते आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. जरा त्याच्या मागचे-पुढचे दिवसही आठवून पाहू.

लढाईआधी मशवरा झाला. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे स्वतःचे मत मदिनेत राहून सामना करावा असे होते. अनेकांचा, विशेषतः तरुणांचा आग्रह बाहेर पडण्याचा होता. तो मानला गेला. टेकडीवर 50 तिरंदाज बसवले गेले आणि काहीही झाले तरी जागा सोडू नका, अशी त्यांना ताकीद होती. विजय दिसू लागताच त्यांतले बहुतेक खाली उतरले. मागून हल्ला झाला आणि लढाई फिरली. 70 सहाबा शहीद झाले. प्रेषितांचे लाडके चाचा हजरत हमजा (रजि.) त्यांत होते. स्वतः प्रेषित (स.) जखमी झाले.

सहाबांच्या चुकीवर बोट ठेवायची आपली पात्रता नाही. कुरआनने जे सांगितले तेवढेच आपण पाहू. सूरह आले इमरानमध्ये सुमारे 60 आयती या प्रसंगाशी जोडलेल्या आहेत. म्हणजे हा पराभव झाकला गेला नाही. कोण कुठे डळमळले, हुकूम कुठे मोडला, मन कशाकडे ओढले गेले, हे सगळे उघड मांडले गेले, आणि ते आपण आजही नमाजमध्ये पढतो. कोणत्या कौमने आपल्या पराभवाची हकिकत अशी रोज वाचायला ठेवली आहे?

पण चूक दाखवून कुरआन तिथे थांबत नाही. ज्यांच्याकडून चूक झाली त्यांच्याशी प्रेषित (स.) नरमाईने वागले, ही अल्लाहची रहमत होती असे सांगितले जाते. तुम्ही कठोर असता तर लोक तुमच्या भोवतीचे विखुरले असते, असेही सांगितले जाते. मग हुकूम येतो की त्यांना माफ करा, त्यांच्यासाठी मगफिरतची दुआ करा आणि कामकाजात त्यांच्याशी मशवरा करत राहा.

या शेवटच्या गोष्टीपाशी आपण जरा थांबायला हवे. ज्या मशवऱ्यानंतर एवढे नुकसान झाले, तो मशवरा बंद करा असे सांगितले गेले नाही. आपल्या घरात काय होते? ‘तुझे ऐकले म्हणून हा दिवस पाहिला, आता मी सांगेन तसे,’ हे वाक्य अब्बांच्या तोंडून किती सहज येते! मुलाने स्वतः निवडलेला विषय, क्लास, शाळा यांपैकी काही फसले की त्याचा बोलण्याचा हक्क पहिल्यांदा जातो. आणि ज्याचा बोलण्याचा हक्क गेला, ते मूल पुढच्या वेळी गुण कमी पडल्याचे सांगायला आपल्याकडे येणार कसे?

दुसरी गोष्ट. हा पराभव कुठून आला, या प्रश्नाला त्या सूरहमध्ये दोन उत्तरे एकापाठोपाठ येतात. तो तुमच्या स्वतःकडूनच आला, आणि जे झाले ते अल्लाहच्या इजाजतने झाले. आपण बहुतेक वेळा यांतले एकच उचलतो. ‘सगळी तुझीच चूक’ एवढेच सतत ऐकणारे मूल खचते. ‘नसीब होते’ एवढेच ऐकणारे मूल पुढच्या वेळीही तसाच अभ्यास करते. दोन्ही एकत्र ऐकले तर त्याला चूक सुधारायची जबाबदारीही कळते आणि या एका निकालाने अल्लाहचे दार बंद झाले नाही हेही कळते.

आणि दुसऱ्याच दिवशी काय घडले? शत्रू पुन्हा उलटून येईल म्हणून प्रेषित (स.) हमराउल असदकडे निघाले. सोबत कुणी यायचे? जे आदल्या दिवशी उहुदमध्ये होते त्यांनीच. जखमा बांधलेले लोक उठून निघाले आणि कुरआनने त्यांची तारीफ केली. कालच्या पराभवातल्या माणसांवर आज पुन्हा विश्वास टाकला गेला. नापास झालेल्या मुलाला जुलैच्या परीक्षेचा अर्ज भरून देणे, हे आपल्या परीने त्याच वाटेवर चालणे आहे.

चूक वाचता आली पाहिजे

अपयश शिकवते असे सगळे म्हणतात. ते आपोआप काही शिकवत नाही. ते नीट वाचावे लागते.

मंडळाकडे अर्ज केला की उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळते. बहुतेक घरांत तिचा विचार होतो तो गुण वाढण्याच्या आशेने, पुनर्मूल्यांकनासाठी. त्यासाठी ती घ्यायलाच लागते, आणि अर्जाची मुदत थोडी असते हे लक्षात ठेवावे. पण गुण वाढले नाहीत तरी ती प्रत मुलाला घेऊन शांतपणे वाचावी. एखाद्याला रीत येते पण वजाबाकीत चुकते. एखाद्याचा शेवटचा प्रश्न कोरा आहे, म्हणजे वेळ पुरला नाही. एखाद्याला उत्तर माहीत आहे पण उर्दूतून शिकलेले मराठीत किंवा इंग्रजीत मांडता येत नाही. या तीन मुलांना तीन वेगळे इलाज लागतात. ‘अभ्यास कर’ हा एकच उपदेश तिघांना केला तर तिघेही पुन्हा तिथेच येतील. आणि जिथे खरोखर वर्षभर हयगय झाली असेल, तिथे हयगयच म्हणावे. नरमाई म्हणजे खोटे बोलणे नव्हे.

आपल्या गावाच्या नावाबद्दल जुने लोक सांगतात की इथे प्रवासी आणि स्वार थकलेले घोडे बदलत, म्हणून हे बदलापूर. त्यातला इतिहास किती आणि दंतकथा किती, हा वाद राहू द्या. गोष्ट मात्र कामाची आहे. घोडा थकला म्हणून कुणी सुरतेला जायचे रद्द करत नसे. घोडा बदलायचा आणि वाट धरायची.

श्रीरामपूरच्या झहीर खानने हेच केले. 23 मार्च 2003 रोजी जोहान्सबर्गला विश्वचषकाचा अंतिम सामना होता. पहिले षटक त्याच्या हाती होते आणि त्यात 15 धावा गेल्या. 7 षटकांत 67 धावा आणि बळी एकही नाही. भारत 125 धावांनी हरला. पुढे दुखापती आल्या आणि 2006 मध्ये तो संघाबाहेर गेला. त्या वर्षी तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायर या कौंटीकडून खेळायला गेला. तिथे ना भारतीय प्रेक्षक होते ना गाजावाजा. रोजची गोलंदाजी होती. त्याने आपली धाव आखूड केली, चेंडूवरचा ताबा वाढवला आणि त्या मोसमात 78 बळी घेतले. 2007 मध्ये इंग्लंडच्या भूमीवर भारताने 21 वर्षांनी कसोटी मालिका जिंकली, त्यात ट्रेंट ब्रिजच्या कसोटीत त्याचे 9 बळी होते.

2 एप्रिल 2011 रोजी वानखेडेवर पुन्हा विश्वचषकाचा अंतिम सामना आला आणि सुरुवातीचा चेंडू पुन्हा त्याच्याच हाती. पहिल्या 5 षटकांत 3 निर्धाव, 6 धावा, 1 बळी. त्या स्पर्धेत सर्वाधिक 21 बळी त्याच्या आणि शाहिद आफ्रिदीच्या नावावर होते. हेही सांगायला हवे की त्याच सामन्यात शेवटच्या षटकांत त्याला मार पडलाच आणि 10 षटकांत एकूण 60 धावा गेल्या. एकदा शिकलो की अपयश पुन्हा येत नाही, असे कुठे असते? पण 2003 च्या त्या दुपारनंतर ‘हे तुझे काम नाही’ म्हणून घरी बसवले असते, तर 2011 ची दुपार आलीच नसती. त्याने गोलंदाजी सोडली नाही, धाव बदलली.

लोकांसमोर कोण उभे राहणार?

आता त्या जिन्यावरच्या पावलांकडे येऊ. अब्बा वर येताना खाली दोघा-तिघांनी विचारलेले असते, ‘काय झाले पोराचे?’ तो प्रश्न घेऊनच ते घरात शिरतात. बहुतेक वेळा मुलावर निघणारा राग हा त्या प्रश्नाचा राग असतो.

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम एक आठवण अनेकदा सांगत. 10 ऑगस्ट 1979 रोजी श्रीहरिकोटाहून एसएलव्ही-3 हे यान सुटले आणि बंगालच्या उपसागरात कोसळले. प्रकल्पाचे संचालक कलाम साहेब होते. पत्रकार वाट पाहत होते. इस्रोचे अध्यक्ष प्रा. सतीश धवन स्वतः पुढे झाले आणि अपयशाची जबाबदारी त्यांनी आपल्या अंगावर घेतली. 18 जुलै 1980 रोजी पुढचे उड्डाण यशस्वी झाले, तेव्हा मात्र त्यांनी पत्रकारांसमोर कलाम साहेबांना पाठवले.

घरात वडिलांची जागा ही आहे. खाली कुणी विचारले तर एवढेच म्हणावे, ‘दोन विषय राहिलेत, जुलैत देणार आहे. दुआ करा.’ या एका वाक्याने लपवायचे काही उरत नाही आणि विचारणाऱ्याकडेही पुढे विचारायला काही उरत नाही. मुलगी असेल तर हे वाक्य दुप्पट ठामपणे म्हणावे, कारण तिच्या निकालाकडे डोळे लावून स्थळे घेऊन येणारे कमी नसतात.

खाला, चाचा, शेजारी म्हणून आपलीही एक जबाबदारी आहे. निकालाच्या दिवशी स्वतःहून सांगितले नाही तर गुण विचारू नयेत. दुसऱ्याच्या मुलाचे गुण तिसऱ्या घरी पोहोचवणे ही गीबतच आहे, मग ती कितीही काळजीच्या सुरात केलेली असो.

निकालानंतरचे पहिले आठ दिवस

पहिल्या दिवशी काही ठरवू नये. मुलाला जेवायला बसवावे, एकटे सोडू नये, आणि इतर भावंडांशी त्याची तुलना त्या दिवशी तरी घरात होऊ देऊ नये. मूल फार गप्प झाले, जेवेना, झोपेना किंवा जगण्याचा कंटाळा आल्यासारखे बोलू लागले तर ते नाटक समजू नये. त्याच्याजवळ बसावे आणि मदत घ्यावी. सरकारची टेली-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर कोणत्याही वेळी मोफत मिळते. मदत मागणे हे तवक्कुलच्या विरुद्ध नाही. आजारी पडल्यावर आपण औषध घेतोच ना?

दोन-तीन दिवसांनी मूल, अम्मी आणि अब्बा यांनी एकत्र बसावे. जमल्यास शाळेतल्या एखाद्या शिक्षकालाही विचारावे. छायाप्रतीचा अर्ज, पुरवणी परीक्षेचा अर्ज आणि एटीकेटीने अकरावीत बसायचे की नाही, हे तीन प्रश्न समोर ठेवावेत. पहिले मत मुलाला मांडू द्यावे. ज्यांची शाळाच सुटली आहे त्यांना फॉर्म नंबर 17 भरून खासगीरीत्या दहावीला बसता येते, हेही आपल्या ओळखीतल्या घरांना सांगावे. कितीतरी मुली एवढी माहिती नसल्याने घरी बसल्या आहेत.

आणि एक छोटे काम सगळ्यांसाठी, ज्यांच्या घरी या वर्षी कुणी दहावीला नाही त्यांच्यासाठीसुद्धा. या महिन्यात एका रात्री दस्तरखानावर घरातल्या मोठ्यांनी आपले एकेक अपयश सांगावे. बुडालेला धंदा, न मिळालेली नोकरी, ड्रायव्हिंगच्या परीक्षेत दोनदा नापास होणे, काहीही. त्यानंतर काय केले तेही सांगावे. आपली मुले आपल्याला फक्त जिंकलेले पाहतात आणि समजतात की हरणारे ते एकटेच. आपल्या अब्बांनाही एकदा हार पत्करावी लागली होती आणि तरीही ते आज इथे बसून हसत जेवत आहेत, हे ज्या मुलाला ठाऊक असते, ते निकाल घेऊन अब्बांकडेच येते. दुसरीकडे कुठे जात नाही.

अल्लाह आपल्या मुलांना कामयाबी देवो. आणि ती लांबली, तर त्यांना घरी परत यायला वाट देणारे घर आपल्याला करता येवो. आमीन.